आलिशान मोटार : हौसेचे मोल आणि पाच वर्षांचा हिशेब

नांदेड/लातूर - वीस लाख रुपयांच्या आत उत्तम, सुरक्षित आणि सोयीसुविधांनी युक्त अशी मोटार मिळत असताना पन्नास लाख मोजून आलिशान मोटार घ्यावी काय, हा प्रश्न आता केवळ पुण्या-मुंबईच्या धनिकांपुरता राहिलेला नाही. नांदेडच्या डॉक्टर्स लेनमधील रुग्णालयांसमोर असो वा लातूरच्या गंजगोलाईतील गर्दीत, 'एमएच-२६' आणि 'एमएच-२४' क्रमांकाच्या परदेशी बनावटीच्या मोटारी आता कुणाला नवलाच्या वाटत नाहीत. डॉक्टर, आडते, डाळ मिलचे मालक, खासगी शिकवणी वर्गांचे संचालक, कंत्राटदार अशा वर्गाची ऐपत वाढली आहे, बँकाही कर्ज घेऊन दारात उभ्या आहेत. दाराशी हत्ती झुलावा, ही हौस जुनीच. हत्तीची जागा मोटारीने घेतली एवढेच.

हत्ती घेण्यापेक्षा तो पोसणे अवघड, हा अनुभवही तितकाच जुना आहे. मोटारीच्या बाबतीत तो अनेकांना खरेदीनंतर येतो, कारण खरेदीच्या वेळी सगळी चर्चा मासिक हप्त्याभोवती फिरते. हप्ता म्हणजे मोटारीचा खर्च नव्हे. कर, विमा, इंधन, देखभाल आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मोटार विकताना होणारी घट, या सर्वांची बेरीज केल्यावरच 'जादा पैसे कशासाठी?' या प्रश्नाचे उत्तर सापडू शकते.

दीडशे मर्सिडीजचा दिवस

मराठवाडा आणि आलिशान मोटार हे समीकरण देशाच्या नजरेत भरले ते ऑक्टोबर २०१० मध्ये. तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उद्योजक, व्यावसायिक, डॉक्टर आदींनी एकत्र येऊन एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज-बेंझ मोटारी घेतल्या. हा व्यवहार सुमारे ६५ कोटी रुपयांचा होता. गटाने खरेदी केल्यामुळे किमतीत सवलत मिळाली आणि स्टेट बँकेने सुमारे सात टक्के व्याजाने कर्ज दिले. शहराची आर्थिक ताकद देशाला दाखवून देणे, हा हेतूही खरेदीदारांनी उघडपणे बोलून दाखवला होता.

या खरेदीचे जेवढे कौतुक झाले, तेवढीच टीकाही झाली. त्याच मराठवाड्यातील शेतकऱ्याला ट्रॅक्टरसाठी याहून बऱ्याच अधिक दराने कर्ज घ्यावे लागते, याकडे ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी त्या वर्षअखेरीस लक्ष वेधले. पुढे २०१२-१३ मध्ये मराठवाड्याने भीषण दुष्काळ अनुभवला आणि दीडशे मर्सिडीजचा तो दिवस विरोधाभासाचे उदाहरण म्हणून पुन्हा पुन्हा सांगितला गेला.

त्या खरेदीतून सामान्य ग्राहकाने घेण्यासारखा बोध मात्र वेगळा आहे. सवलत आणि स्वस्त कर्ज या दोन गोष्टींनी व्यवहार आकर्षक वाटतो. प्रत्यक्षात मोटारीच्या एकूण खर्चात त्यांचा वाटा वाटतो तेवढा मोठा नसतो. चाळीस लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जावर नऊऐवजी सात टक्के व्याज लागले, तर संपूर्ण मुदतीत बचत होते ती सुमारे दोन लाख ३० हजार रुपयांची. त्याच काळात मोटारीची किंमत मात्र पंचवीस-तीस लाखांनी उतरू शकते.

किमतीत कर किती?

ग्राहक मोजतो त्या रकमेतील मोठा भाग मोटारीच्या कारखान्याकडे जातच नाही. वस्तू व सेवा कराची रचना २२ सप्टेंबर २०२५ पासून बदलली. त्यापूर्वी मोठ्या मोटारींवर २८ टक्के कर आणि त्यावर उपकर मिळून ४५ ते ५० टक्के बोजा पडत असे. आता उपकर रद्द होऊन चार मीटरपेक्षा लांब अथवा मोठ्या इंजिनाच्या मोटारींवर सरसकट ४० टक्के कर आहे. लहान मोटारींसाठी हा दर १८ टक्के, तर ट्रॅक्टरसाठी पाच टक्के झाला आहे.

यानंतर येतो राज्याचा मोटार वाहन कर. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर घेतलेल्या पेट्रोल मोटारीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के कर आहे. डिझेल मोटारींसाठी हेच दर अनुक्रमे १३, १४ आणि १५ टक्के आहेत. दहा लाखांहून अधिक किमतीच्या मोटारीवर विक्रेता एक टक्का आयकरही गोळा करतो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, परंतु खरेदीच्या दिवशी खिशातून जातोच.

शोरूममधील किंमत ५० लाख असलेल्या पेट्रोल मोटारीचे उदाहरण घेतल्यास, त्या किमतीतच सुमारे १४ लाख २९ हजार रुपये वस्तू व सेवा कर दडलेला असतो. त्यावर १३ टक्क्यांप्रमाणे साडेसहा लाख रुपये मोटार वाहन कर लागतो. म्हणजे विम्याविना ५६ लाख ५० हजार मोजणारा ग्राहक सुमारे २० लाख ८० हजार रुपये सरकारजमा करतो. शंभरातील जवळपास ३७ रुपये कराचे झाले. मोटार विकताना यातील एक पैसाही वेगळा परत मिळत नाही.

किमतीवर परिणाम करणारा आणखी एक घटक म्हणजे मोटार कोठे जोडली जाते. मर्सिडीजचा प्रकल्प पुण्याजवळ चाकणला आहे, बीएमडब्ल्यूचा चेन्नईजवळ, तर ऑडीची जुळणी २००७ पासून मराठवाड्यातच, शेंद्रा येथील स्कोडाच्या प्रकल्पात सुरू झाली. सुटे भाग आणून येथे जोडलेल्या मोटारीपेक्षा परदेशातून तयार स्वरूपात येणाऱ्या मोटारीवर आयात शुल्क कितीतरी जास्त असते. त्यामुळे एकाच कंपनीच्या, जवळपास सारख्याच दोन मोटारींच्या किमतींत मोठे अंतर दिसते. चौकशी करताना हा प्रश्न आवर्जून विचारावा.

पाच वर्षांचा ताळेबंद

तुलनेसाठी दोन पेट्रोल मोटारी गृहीत धरू. पहिली, १८ लाख रुपयांची, देशातील आघाडीच्या कंपनीची वरच्या श्रेणीतील पाच आसनी मोटार. दुसरी, ५० लाख रुपयांची, युरोपीय नाममुद्रेची प्रारंभिक आलिशान मोटार. वापर वर्षाला १५ हजार किलोमीटर, म्हणजे पाच वर्षांत ७५ हजार. पेट्रोल लिटरमागे १०५ रुपये आणि कर्जाचा व्याजदर नऊ टक्के. विमा, देखभाल आणि फेरविक्रीचे आकडे मोटारीगणिक बदलतील. प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या मोटारीचे आकडे घालून हाच तक्ता पुन्हा मांडावा.

पहिली मोटार (१८ लाख रुपये)
- पाच वर्षांनी निम्मी किंमत मिळाल्यास घट : ९ लाख
- मोटार वाहन कर : २ लाख १६ हजार
- १४ लाखांच्या कर्जावरील व्याज : ३ लाख ४४ हजार
- पाच वर्षांचा विमा : २ लाख २५ हजार
- देखभाल आणि टायर : १ लाख ५० हजार
- इंधन (लिटरला १२ किलोमीटर) : ६ लाख ५६ हजार
- एकूण : सुमारे २४ लाख ९० हजार

दुसरी मोटार (५० लाख रुपये)
- पाच वर्षांनी ४० टक्के किंमत मिळाल्यास घट : ३० लाख
- मोटार वाहन कर : ६ लाख ५० हजार
- ४० लाखांच्या कर्जावरील व्याज : ९ लाख ८२ हजार
- पाच वर्षांचा विमा : ६ लाख
- देखभाल आणि टायर : ५ लाख
- इंधन (लिटरला ११ किलोमीटर) : ७ लाख १६ हजार
- एकूण : सुमारे ६४ लाख ५० हजार

दोहोंतील फरक सुमारे साडेएकोणचाळीस लाखांचा झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शोरूममधील किमतींत फरक होता ३२ लाखांचा. मोटार विकून पैसे परत घेतल्यानंतरही खर्चातील फरक त्याहून अधिकच राहिला. 'महाग घेतली तरी विकताना महागच जाईल' हा समज या हिशेबात टिकत नाही.

किलोमीटरच्या भाषेत सांगायचे तर पहिली मोटार किलोमीटरला सुमारे ३३ रुपयांत आणि दुसरी सुमारे ८६ रुपयांत पडते. नांदेड ते लातूर हे साधारण १४० किलोमीटरचे अंतर धरल्यास, एका बाजूच्या प्रवासासाठी आलिशान मोटारीचा मालक सुमारे सात हजार चारशे रुपये जादा मोजतो. हे पैसे त्या दिवशी खिशातून जात नाहीत, म्हणून जाणवत नाहीत.

वापर कमी असेल तर चित्र अधिकच बदलते. शहरातल्या शहरात वर्षाला जेमतेम पाच हजार किलोमीटर फिरणाऱ्या मोटारीचे इंधन वाचते, पण घट, कर, व्याज आणि विमा थांबत नाहीत. अशा वापरात आलिशान मोटारीचा खर्च किलोमीटरला दोनशे रुपयांच्या पुढे जातो. घरापासून रुग्णालय आणि रुग्णालयापासून घर एवढाच प्रवास असेल, तर ही दुनियेतील सर्वांत महाग रिक्षा ठरते.

जादा पैशांत नेमके काय मिळते?

याचा अर्थ जादा पैसे वाया जातात, असा मुळीच नाही. आलिशान मोटारीत मिळणारा शांतपणा खरा असतो. जाड काचा, आवाज रोखणारे अस्तर, उत्तम निलंबन आणि लांब प्रवासात पाठ न अवघडणारी आसने यांवर कंपन्या मोठा खर्च करतात. पुण्याला जाऊन त्याच दिवशी परतणाऱ्या माणसाला सहा-सात तासांच्या प्रवासाअंती जाणवणारा थकवा कमी होणे, ही मोलाची गोष्ट आहे. इंजिनाची ताकदही ओव्हरटेक करताना हाताशी राखीव राहते. ज्यांची पाठ दुखते, ज्यांना मोटारीत बसून काम करावे लागते किंवा आठवड्यातून दोनदा तीनशे किलोमीटर जावे लागते, त्यांच्यासाठी हा खर्च चैनीचा न राहता सोयीचा होतो.

पंधरा वर्षांपूर्वी मात्र या यादीत आणखी बऱ्याच गोष्टी होत्या. सहा एअरबॅग, उघडणारे छत, हवेशीर आसने, सभोवारचे दृश्य दाखवणारे कॅमेरे, समोरच्या वाहनाचा अंदाज घेऊन आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा यांसाठी तेव्हा आलिशान मोटारच घ्यावी लागे. आज टाटा सफारी, महिंद्रा एक्सयूव्ही ७००, टोयोटा इनोव्हा हायक्रॉस अशा मोटारींच्या वरच्या श्रेणींत यातील बहुतेक सुविधा मिळतात. दोन वर्गांतील किमतीचे अंतर कायम राहिले. सुविधांचे अंतर मात्र घटले. जादा पैशांतून पूर्वी सुविधा विकत घेतल्या जात, आता प्रामुख्याने सफाई आणि नाव विकत घेतले जाते.

सुरक्षितता किमतीवर ठरत नाही

'कुटुंबाच्या सुरक्षिततेसाठी महाग मोटार घेतो', असे कारण अनेकदा दिले जाते. त्याची तपासणी करणे आता सोपे झाले आहे. टाटा नेक्सॉन ही २०१८ मध्ये 'ग्लोबल एनकॅप'च्या चाचणीत पाच तारे मिळवणारी पहिली भारतीय मोटार ठरली. त्यानंतर अनेक देशी मोटारींनी हा टप्पा गाठला आणि ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही देशातील स्वतंत्र चाचणी पद्धतीही सुरू झाली. पाच ताऱ्यांसाठी पन्नास लाखांची गरज उरलेली नाही.

उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात अपघाती मृत्यू झाला, तेव्हा ते मर्सिडीजमध्ये मागील आसनावर होते. त्यांनी सीटबेल्ट लावला नव्हता, असे पोलिस तपासात समोर आले. त्याआधी ३ जून २०१४ रोजी दिल्लीतील अपघातात मराठवाड्याने गोपीनाथ मुंडे यांना गमावले, तेही मोटारीच्या मागील आसनावरच होते. मोटार कोणतीही असो, मागे बसणाऱ्याने पट्टा बांधला नाही तर एअरबॅगची संख्या आणि नावाची प्रतिष्ठा यांचा उपयोग मर्यादित राहतो. सुरक्षिततेसाठी पैसे खर्च करायचेच असतील, तर चाचणीतील तारे पाहावेत, चांगले टायर वेळेवर बदलावेत, चालकाला पुरेशी झोप मिळेल असे प्रवासाचे वेळापत्रक आखावे. यातील एकही गोष्ट आलिशान मोटारीची मक्तेदारी नाही.

रस्ता, पाऊस आणि सेवा केंद्र

तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, लोहा, नांदेडमार्गे नागपूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गामुळे या दोन जिल्ह्यांतील प्रवास पूर्वीपेक्षा पुष्कळ सुसह्य झाला आहे. महामार्ग सोडून गावाकडे वळल्यावर मात्र काळ्या मातीवरचे खचलेले डांबर आणि खड्डे यांची गाठ पडतेच. आलिशान मोटारींचे टायर रुंद आणि बाजूने बुटके असतात. ते महामार्गावर उत्तम पकड देतात, परंतु खड्ड्याच्या कडेवर आदळल्यास टायर आणि चाक दोन्ही निकामी होण्याची शक्यता अधिक असते. तसा टायर तालुक्याच्या गावी लगेच मिळेल, याची खात्री नसते. काही मोटारींत जादा चाकही दिलेले नसते. शेतावर, साखर कारखान्यावर अथवा बांधकामाच्या जागी नित्य जावे लागणाऱ्यांनी जमिनीपासूनची उंची आणि टायरचा आकार हे दोन आकडे रंगापेक्षा आधी पाहावेत.

पावसाचा मुद्दाही तितकाच महत्त्वाचा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात आणि त्यानंतरच्या महिन्यात मराठवाड्याच्या मोठ्या भागात झालेल्या अतिवृष्टीने रस्तेच पाण्याखाली गेले. पाण्यात अडकलेली मोटार सुरू करण्याचा प्रयत्न केल्यास इंजिनात पाणी शिरून ते निकामी होते. असे नुकसान नेहमीच्या विम्यात सहसा भरून मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. साध्या मोटारीत हा खर्च लाखाच्या घरात, तर आलिशान मोटारीत अनेक लाखांच्या घरात जाऊ शकतो.

विम्यातील आणखी एक तरतूद अनेकांना दाव्याच्या वेळीच कळते. मोटारीचे विमा मूल्य दुसऱ्या वर्षात २० टक्के, तिसऱ्या वर्षात ३० टक्के, तर पाचव्या वर्षात ५० टक्के घसारा वजा करून ठरते. शिवाय रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर निम्मीच भरपाई मिळते. आलिशान मोटारीचा पुढचा बंपर हा प्लॅस्टिकचाच भाग असतो आणि त्यात बसवलेले सेन्सर वेगळे असतात. त्यामुळे 'झीरो डेप्रिसिएशन' हे जादा हप्त्याचे कलम या वर्गात जवळपास अपरिहार्य ठरते.

बहुतेक युरोपीय कंपन्यांची अधिकृत सेवा केंद्रे पुणे, हैदराबाद, छत्रपती संभाजीनगर अशा मोठ्या शहरांतच एकवटलेली आहेत. नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास, तर लातूरहून पुणे सव्वातीनशेहून अधिक किलोमीटर आहे. एका सर्व्हिसिंगसाठी जाऊन-येऊन साडेपाचशे ते साडेसहाशे किलोमीटर होतात. पाच-सहा हजारांचे पेट्रोल आणि एक-दोन दिवस त्यात जातात. दवाखाना बंद ठेवून किंवा चालकाला पाठवून हे करावे लागते. मोटार रस्त्यात बंद पडली तर ती ओढून नेण्याची सोय किती किलोमीटरपर्यंत मोफत आहे, हे खरेदीपूर्वी लेखी विचारून घ्यावे. इनोव्हा, फॉर्च्युनर किंवा स्कॉर्पिओ या मोटारी या भागात पुढाऱ्यांपासून व्यापाऱ्यांपर्यंत सर्वांना का प्रिय आहेत, याचे एक उत्तर येथेच सापडते. त्यांची दुरुस्ती जवळ होते, सुटे भाग मिळतात आणि जुनी झाली तरी गिऱ्हाईक तयार असते.

व्यवसायाच्या नावावर घेतली तर?

'मोटारीचा खर्च आयकरातून वाचतो', हा सल्ला व्यावसायिकांना हमखास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. व्यवसायासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारीवर वर्षाला १५ टक्के घसारा खर्च म्हणून दाखवता येतो. पन्नास लाखांवर पहिल्या पूर्ण वर्षी साडेसात लाख रुपये घसारा धरल्यास, ३० टक्के कराच्या टप्प्यातील व्यावसायिकाचा सुमारे सव्वादोन लाख रुपये कर वाचतो. पुढील वर्षी घसारा उरलेल्या रकमेवर मोजला जात असल्याने ही बचत घटत जाते. व्याज आणि इंधन हे खर्चही व्यवसायातील वापराच्या प्रमाणात दाखवता येतात.

परंतु वाचतो तो कर, खर्च नव्हे. शंभर रुपये खर्चून तीस रुपये कर वाचवणाऱ्याच्या खिशातून सत्तर रुपये गेलेलेच असतात. शिवाय अशा मोटारीवर भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट सामान्यतः मिळत नाही. मोटार कंपनीच्या नावावर घेतल्यास महाराष्ट्रात मोटार वाहन कर २० टक्के लागतो. पन्नास लाखांच्या मोटारीला साडेसहाऐवजी दहा लाख रुपये भरावे लागतात. हा साडेतीन लाखांचा फरक आयकरातील बचतीचा बराच भाग गिळून टाकतो. नाव कोणाचे टाकायचे, हे सनदी लेखापालाला विचारूनच ठरवावे.

विद्युत मोटारींचे गणित थोडे निराळे आहे. त्यांच्यावर वस्तू व सेवा कर पाच टक्केच आहे आणि महाराष्ट्रात मोटार वाहन करातही सवलत आहे. त्यामुळे आलिशान विद्युत मोटारीत कराचा वाटा कमी आणि यंत्राचा वाटा अधिक असतो. पुण्या-हैदराबादच्या वाटेवर आपल्याला सोयीची चार्जिंग केंद्रे आहेत का, हे मात्र प्रत्यक्ष प्रवास करून पाहावे.

वापरलेल्या मोटारीचा मार्ग

आलिशान मोटारीची किंमत पहिल्या तीन वर्षांत वेगाने उतरते, ही पहिल्या मालकाची हानी दुसऱ्या मालकाचा लाभ ठरते. पन्नास लाखांची मोटार तीन वर्षांनी २८ लाखांना मिळाली आणि पुढे पाच वर्षे वापरून १२ लाखांना विकली, तर घट होते १६ लाखांची. नव्या मोटारीच्या तुलनेत ती जवळपास निम्मी आहे. हौसही भागते आणि भांडवलही वाचते.

या मार्गावर काटेही आहेत. कंपनीची हमी संपत आलेली असते आणि मोठ्या दुरुस्त्यांचा काळ नेमका तेव्हाच सुरू होतो. अधिकृत केंद्रातील संपूर्ण सेवा नोंद, विम्याच्या दाव्यांचा इतिहास आणि वाढीव हमी मिळते का, या तीन गोष्टी तपासल्याशिवाय विसार देऊ नये. मोटारीवर कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याची नोंद नोंदणी पुस्तकात झालेली असावी. नांदेड-लातूरकरांना हैदराबाद आणि बिदर जवळ असल्याने तेथील स्वस्त मोटारींचा मोह होतो. मात्र परराज्यातील मोटार येथे आणताना तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर मोटारीच्या वयानुसार नव्याने भरावा लागतो. हा कर धरला नाही तर स्वस्त वाटलेली मोटार महागात पडते.

प्रतिष्ठेचे मोल

या सर्व हिशेबात न बसणारी एक गोष्ट उरते, ती म्हणजे प्रतिष्ठा. मध्यम शहरांत माणसाची पत त्याच्या मोटारीवरून जोखली जाते, हे नाकारण्यात अर्थ नाही. कंत्राटदाराला मोठ्या कार्यालयात मिळणारी वागणूक, व्यापाऱ्याला उधारीवर मिळणारा माल, लग्नकार्यातील मान यांवर दारातील मोटारीचा परिणाम होतो. हौसेला मोल नसते, असे आपल्याकडे म्हणतात. स्वकष्टाने कमावलेल्या माणसाने मनाजोगती मोटार घेतली, तर त्यात गैर काहीच नाही.

प्रश्न एवढाच, की ही पत उसनी आहे की स्वतःची? साडेएकोणचाळीस लाखांचा फरक म्हणजे पाच वर्षे दरमहा सुमारे ६६ हजार रुपये. डॉक्टरसाठी ते नवे उपकरण असू शकते, डाळ मिलसाठी प्रतवारीचे यंत्र, शेतीसाठी ट्रॅक्टर आणि ठिबक, तर घरातील मुलीच्या वा मुलाच्या वैद्यकीय शिक्षणाची तरतूद. यांपैकी सर्व गरजा भागल्या असतील तर मोटारीची हौस निर्धास्त भागवावी. त्या बाकी असताना मोटार आधी आली, तर हप्ता मोटारीचा राहत नाही, तो इतर स्वप्नांचा होतो.

हप्ता आणि दुष्काळ

नांदेड-लातूरच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. येथील सोयाबीन आणि तुरीचा हंगाम फसला की आडत थंडावते, उधारी थकते, शिकवणीची फी लांबते, एवढेच काय, नियोजित शस्त्रक्रियाही पुढे ढकलल्या जातात. पगारदार नसलेल्या जवळपास प्रत्येकाचे उत्पन्न कुठे ना कुठे पावसाला बांधलेले आहे. २०१२-१३ चा दुष्काळ, त्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले तो काळ आणि २०२५ ची अतिवृष्टी पाहता, पाच वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत एखादे वाईट वर्ष येणारच, असे धरून चालणे शहाणपणाचे. चाळीस लाखांच्या कर्जाचा नऊ टक्के दराने मासिक हप्ता सुमारे ८३ हजार रुपये येतो. तो चांगल्या वर्षातील उत्पन्नातून सहज निघतो. कसोटी लागते ती वाईट वर्षात.

निर्णय घेताना पुढील बाबींचा विचार उपयुक्त ठरेल :

- गेल्या पाच वर्षांतील सर्वांत कमी उत्पन्नाच्या वर्षी हा हप्ता घरखर्च आणि व्यवसाय सांभाळून भरता आला असता का?
- वर्षाला किमान वीस हजार किलोमीटर आणि तेही प्रामुख्याने महामार्गावर प्रवास होतो का?
- मोटार पाचऐवजी आठ-दहा वर्षे ठेवण्याची तयारी आहे का? घट पहिल्या वर्षांतच अधिक असल्याने लवकर बदलणाऱ्याला ती सर्वाधिक महाग पडते.
- सेवा केंद्र किती दूर आहे आणि मोटार तेथे असताना घरात दुसरी मोटार आहे का?
- आपल्याच नेहमीच्या रस्त्यावर, रात्री आणि मागील आसनावर बसूनही मोटार पाहिली आहे का? शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावरील दहा मिनिटे पुरेशी नसतात.
- वर्षातून दोन-चार लांबचे प्रवास आणि एखादे लग्न एवढ्यासाठीच मोटार हवी असेल, तर तेवढ्यापुरती भाड्याने घेऊन भागते का?

यांतील बहुतेक प्रश्नांना 'होय' असे उत्तर येणाऱ्यांसाठी आलिशान मोटार ही परवडणारी हौस आहे. शेवटचा प्रश्न वगळता इतर प्रश्नांना 'नाही' म्हणावे लागत असेल, तर वरच्या श्रेणीतील देशी मोटार घेऊन उरलेली रक्कम व्यवसायात अथवा ठेवीत ठेवणे हिताचे. उद्या पाऊस चांगला झाला आणि धंदा वाढला, तर आलिशान मोटार तेव्हाही मिळणारच आहे. तीही बहुधा आजच्यापेक्षा अधिक सुविधांसह.